गुलाबी कॅमेरा

आबा, तुम्ही असता तर आधी त्या कॅमेऱ्यालाच हसला असता. गुलाबी, प्लास्टिकचा, शाळकरी मुलीच्या डब्यासारखा. बटण दाबलं की फोटो तिथल्या तिथं वरून बाहेर येतो, ना निगेटिव्ह, ना दुसरी प्रत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, देवपुरात आपल्या स्टुडिओच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीवाला बसतो, आणि मी इकडे इंग्लंडातल्या एका गावात असला खेळण्यातला कॅमेरा विकत घेतला. ज्यांना तुम्ही कधी पाहिलंच नाही, त्या तुमच्या जावयाचा शेवटचा फोटो काढायला.

ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं हृदय बंद पडलं. रक्तदाब सोडला तर दुखणं नाही, खुपणं नाही. जळगावहून धाकट्या दिरांचा फोन आला, "वहिनी, तिकडंच उरकून घ्या. इकडं आणायचं म्हणजे कागदपत्रांतच दिवस जातील, आई तेवढा दम धरायची नाही." मला वाईट वाटलं, पण त्यांचंही खरं होतं. मग पिंप्राळ्याच्या घरातून सासूबाई बोलल्या. चोपड्याकडच्या त्या, आयुष्यभर अहिराणीच बोलल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "एकदाव मना पोऱ्यानं तोंड दखाड माले," एवढंच. मुलाचं तोंड बघितल्याशिवाय त्या मानणार नव्हत्या, सुतकही धरणार नव्हत्या. दीर म्हणाले, त्यात काय, फोनवर काढा आणि भावकीच्या ग्रुपवर टाका, सगळ्यांचंच दर्शन होईल.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दर्शन! संध्याकाळपर्यंत तो फोटो चोपड्यापासून धुळ्यापर्यंत फिरला असता, खाली हात जोडलेली चित्रं, आणि मध्येच कुणीतरी केळीचे भाव टाकले असते. शिवाय माझ्या फोनमधला फोटो पोरीच्या टॅबवर आपोआप उमटतो. आणि मला तुम्ही आठवलात. तिरडी उचलायच्या आधी लोक तुम्हाला बोलवायला यायचे. तुम्ही जायचात, मयताचे केस नीट करायचात, हनुवटीखाली रुमालाची घडी सारायचात, मग फोटो. निगेटिव्ह घरच्यांच्या हातात द्यायचात, दुकानात ठेवायचा नाहीत. एकदा डार्करूममध्ये दोरीवर एका म्हाताऱ्याचा फोटो वाळत होता, तो दाखवायला मी मैत्रिणींना आत घेऊन आले. तुम्ही दारात उभे आहात, हात ओले, चेहरा पडलेला. "त्या बाबाले इचारं व्हतं का तू?" मी म्हटलं, अहो, ते तर मेलेत. "म्हणूनच," तुम्ही म्हणालात, आणि पुढं कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत.

तर माणूस गेला म्हणून कामं काही थांबत नाहीत. त्या दिवशी पोरीचे शाळेचे बूट घ्यायचे होते, ड्रायक्लीनरकडून त्यांचा निळा शर्ट आणायचा होता, तोच त्यांना शेवटचा घालायचा होता. आणि औषधाच्या दुकानातून त्यांच्या फोनवर मेसेज, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या तयार आहेत, घेऊन जा. मी मुकाट्यानं गोळ्यासुद्धा घेऊन आले, बोला. मग कॅमेऱ्याचं दुकान. म्हटलं, एकच फोटो निघतो तो कॅमेरा द्या. दुकानदार मोठा आनंदी माणूस. गुलाबी तेवढा उरलाय म्हणाला, आणि फिल्मचं पाकीट काढलं तर कडेनं फुगे आणि चांदण्या छापलेल्या. साधी पांढरी कड पाहिजे म्हणून मी हटून बसले तेव्हा आत जाऊन शोधून आणलं. "कुणाचा वाढदिवस?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नवऱ्याचा." दुसरं काय सांगणार मेल्याला?

जिथं त्यांना ठेवलं होतं तिथली बाई सभ्य होती. सगळं स्वच्छ, शर्टाची इस्त्री जागच्या जागी. पण भांग उलटा पाडलेला. उजवीकडून! मला एकदम ते कुणी परकेच वाटले. मी कंगवा मागितला आणि डावीकडून भांग पाडला, केस गार होते, ऐकत नव्हते. वरची ट्यूब बंद करायला लावली, खिडकीचा पडदा सारला. वरचा उजेड मेलेल्या माणसाला परत मारतो, असं तुम्हीच म्हणायचात ना? मग फोटो काढला. तो आधी पांढरा येतो, मग हळूहळू तोंड दिसायला लागतं. मी तो छातीशी धरून उभी होते, थंडीत नीट उमटत नाही म्हणाला होता दुकानदार. चांगला आला, आबा. तुमच्यासमोर ठेवायला मला लाज वाटली नसती.

कुरियरनं पिंप्राळ्याला पाठवला. सासूबाईंनी चष्मा लावला, खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला, आणि दिरांच्या हातात परत दिला. "हाऊ मना पोऱ्या नही शे," म्हणाल्या. "मना पोऱ्या तिकडे शे, विलायतमा." सगळ्यांनी समजावलं, भटजींनी समजावलं. काही उपयोग नाही. चार वर्षं आम्ही गेलो नव्हतो, त्यांच्या डोळ्यांपुढचा मुलगा काळ्याभोर केसांचा होता, फोटोतला पिकल्या केसांचा. दीर माझ्यावरच चिडले, की फोनवर बोलता बोलता दाखवलं असतं तर आईनं मानलं असतं. असेलही. मला काय ठाऊक?

आता दर रविवारी सासूबाईंचा फोन येतो. "पोऱ्या कोठे शे?" पहिल्या वेळी मी म्हटलं, "आई, ते गेलेत हो." त्यांनी फोन ठेवून दिला आणि दोन रविवार केला नाही. मला इतका राग आला होता. मी एकटीनं सगळं निस्तरलं, मी एकटीनं रडले, आणि या बाईला त्यातलं काहीच नको? पण तिसऱ्या रविवारी फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाजी आणायला गेलेत." बरं, म्हणाल्या, स्वेटर घालून गेला ना? तेव्हापासून कधी ते केस कापायला गेलेले असतात, कधी पोरीला पोहायला घेऊन. मेथी चांगली मिळत नाही म्हणून कुरकुरतात, असंही मी सांगते. सासूबाई हसतात.

हे तुम्हाला सांगायचं होतं, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. लिहून झालं की फाडून टाकणार आहे, पोरीच्या हाती लागायला नको. आणि आबा, खोटं कशाला बोलू, आताशा शनिवारपासूनच मी मनाशी ठरवायला लागते, उद्या त्यांना कुठं पाठवायचं.