गाईपुढचे वडे

काकी, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर संशय घेते. पेणच्या तुमच्या कारखान्यात तुमच्या शेजारी बसून मी गणपतीचे डोळे आखायला शिकले, आजही त्यावरच माझं घर चालतं. म्हणून हे विचारताना जीभ अडते. पण विचारतेच. तुम्ही माझ्या घरचं कधी खाल्लं नाहीत ते पोटामुळे, की जातीमुळे?

सुरुवातीला मी नुसते मूर्तींचे पितांबर रंगवत होते. डोळ्यांना फक्त तुमचा हात लागायचा. एक दिवस तुम्ही तुमचा बारीक ब्रश माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "हात थरथरला तर उठून जायचं. पुसत बसायचं नाय. हा देव हाय, पाटी नव्हे." मी अकरा मूर्तींचे डोळे आखले. तुम्ही बारावी माझ्यापुढे सरकवलीत, म्हणजे जमलं होतं. आमचं घर धरमतरच्या खाडीकाठी, मासे धरणाऱ्यांचं. आईला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने तुमच्यासाठी तांदळाचे वडे तळले. नवं तेल आणून, शेजारची कोरी कढई मागून. "मासळीच्या कढईत नाय तळले म्हणून सांग गो त्यांना," असं तीनतीनदा बजावलं. तुम्ही डबा घेतलात. म्हणालात, "घरी नेते, सावकाश खाईन." संध्याकाळी एसटी गाठायला मी मागच्या दाराने निघाले, तर वडे गाईपुढच्या घमेल्यात! सकाळी डबा लख्ख घासून, आत साखर घालून माझ्या हातात. "छान झाले होते हो, आईला सांग." सांगितलं मी. काय करणार? ती बिचारी महिनाभर शेजारणींना ऐकवत होती.

तेव्हापासून मनात पाल चुकचुकली ती कायमची. मी तुमच्यावर पाळत ठेवली, हे आज कबूल करते. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसता. डब्यात रोज तोच मऊ भात आणि मुगाचं पाणी. दोन घास खाता आणि उठून मागे जाता. दिवसातून आठ-दहादा जाता. कारखान्यातल्या पोरी हसतात, काकी मिशेरी लावायला गेल्या म्हणतात. मी हसत नाही, मोजत बसते. मला वाटायचं, पोट बिघडलं असेल बाईचं, उगाच कशाला मनात आणायचं. मग श्रावणात समोरच्या, तुमच्याच जातीच्या घरी हळदीकुंकू झालं. तिथे तुम्ही दोन करंज्या खाल्ल्यात. तळलेल्या! आणि वर तिसरी मागितलीत. त्यांच्याकडचं तळलेलं चालतं आणि आमच्याकडचं गाईला? त्या दिवशी मी मनात निकाल दिला. पुढे पंधराएक वर्षांनी तुम्ही खंगलात आणि गेलात, लोक म्हणाले आतड्याला सूज होती. मी रडले, पण ते काही माझ्या गळी उतरलं नाही.

आणि आता माझी पाळी. दोन वर्षांपूर्वी रक्त पडायला लागलं. मी मूळव्याध समजून ताक पीत बसले. लेक रोह्याला दिलीय, जावई तिथल्या एका कंपनीत शिफ्टला जातो. तिने ओढून डॉक्टरकडे नेलं. दुर्बीण घालून झाली, तुकडा तपासून झाला. आतड्याला आतून सूज आणि जखमा. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. म्हणाला, "मावशी, आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. आपण तेल-तूप काय आणि किती खातो, त्यावर त्यातले कोण माजायचे ते थोडंफार ठरतं. ते स्वतःसुद्धा चरबीसारखे पदार्थ बनवतात. काही सूज शमवणारे, काही भडकवणारे. या आजारात तो तोल गेलेला असतो." मी विचारलं, आधी काय बिघडतं, तेल, जिवाणू की आतडं? तो म्हणाला, "ते अजून नीट उलगडलेलं नाय." घ्या! एवढी दुर्बीण घालून नाय कळलं. मला तर त्याचाही संशय यायला लागला.

मग मी हळूच तुमचं विचारलं. एक बाई होत्या, मऊ भात खायच्या, दहादा उठायच्या, त्यांना हेच असेल का? तो म्हणाला, न तपासता कसं सांगू. मी म्हटलं, पण त्यांनी करंज्या खाल्ल्या हो! तर म्हणतो, "हा आजार येतो-जातो, मावशी. मधले काही महिने माणूस अगदी बरा असतो, तेव्हा खातोही." म्हणजे करंजीचा पुरावा गेला. वड्यांचा राहिला, पण तोही आता लंगडा. चाळीस वर्षं जपलेला राग हातातून निसटतोय आणि मला तो सोडवत नाही.

तुमची सूनबाई अजून कारखान्यात बसते. तिला विचारलं तर ती एका वाक्यात सांगेल, तुम्हाला कधीपासून काय होत होतं ते. हे लिहितेय तो कागद तिच्या हातात दिला तरी पुरे. नाही देणार.

गेल्या महिन्यात आमच्याकडे मूर्तींची माती मळायला येणारीने मला तिच्या लेकीच्या साखरपुड्याला बोलावलं. गागोद्याच्या बाजूला डोंगराखाली तिची आदिवासी वाडी. सगळ्यांच्या आधी मला पाट मांडला. मऊ भात, मुगाचं पातळ वरण. म्हणाली, "तुमचं वेगलं केलंय बाय, तेलाचा थेंब नाय घातला." मी पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, "डाक्टरने बाहेरचं सगळं बंद केलंय गो." तिने लगेच खरं मानलं. उलट माझीच कीव करत बसली.

काकी, त्या दिवशी माझं पोट अगदी बरं होतं.