‘जा’ कोण म्हणालं

१४ मार्च, शनिवार, दुपार

प्रिय मास्तरीणबाई,

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पदरात घे. लाल शाईने गोल करून परत पाठवलंस तरी चालेल. निदान तुझं अक्षर तरी दिसेल.

मी बरा आहे. नळ दुरुस्त झाला. भात अजून करपतो. तुझ्या ताईंना आणि साडूंना नमस्कार सांग. लंबूच्या खोलीची खिडकी रोज उघडतो, बाकी काही हलवलेलं नाही. सध्या घरीच असतो. कंपनीने पंधरा दिवस बसवून ठेवलंय. का, ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

मागच्या सोमवारी सकाळी एका सात मजली इमारतीतून फोन आला. लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अडकलेली, आत एक माणूस. माझ्यासारख्या जुन्या मेकॅनिकला हे दहा मिनिटांचं काम. चौथ्यावर पोचलो, दाराशी जाऊन हाक मारली. आतून आवाज आला, "काका, लवकर करा हो, जीव घुसमटतोय."

तो आवाज मी कोर्टात आठ महिने ऐकलाय. आपल्या लंबूचा जीव घेणारा, गॅरेजवाल्याचा थोरला. शिक्षा भोगून सुटलाय आणि त्याच इमारतीत राहतो, हे मला ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगतो.

दाराची किल्ली हातात होती. ती खिशात टाकली. वॉचमनला म्हणालो, "पार्ट मागवलाय, वेळ लागेल," आणि पायरीवर बसलो.

दोन तास बसलो गं. आधी तो हाका मारत होता, मग दार बडवत होता, मग रडायला लागला. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? सात वर्षांत पहिल्यांदा छातीवरचा दगड हलल्यासारखा झाला. शेवटी फटीशी तोंड नेऊन म्हणालो, "मी लंबूचा बाप."

रडणं थांबवून म्हणाला, "मारणार मला?"

"अजून ठरवलं नाही."

मग तो सांगायला लागला. "काका, तो भांडायला आलाच नव्हता. हळूच मला म्हणाला, बाबांनी पाठवलंय, थोडा वेळ इथे उभा राहतो आणि जातो, तू काही बोलू नकोस. मी सगळ्यांसमोर हसलो. म्हणून त्याने मला ढकललं. सुरा माझ्याकडे होता."

आता खरं ऐक.

लंबू गेला त्याच्या आदल्या दिवशी याच्याच टोळक्याने लंबूला मैदानात बडवलं होतं. फुटलेला ओठ बघून तू विचारलंस, तर पडलो म्हणाला. मला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू आत वह्या तपासत होतीस. मी त्याला म्हणालो, "शेपूट घालून घरात बसणारा मुलगा माझा नाही. जा, त्यांच्यासमोर उभा राहून ये." तो चपला घालून तुझ्या दाराशी आला. "आई, जाऊ का?" तू मान वर न करता ‘जा’ म्हणालीस. तुला वाटलं, मित्राकडे चाललाय. तू अडवावंस म्हणून तो विचारत होता. मला ते कळत होतं. तरी मी गप्प बसलो.

आणि नंतर ताई, साडू, शेजारीपाजारी सगळ्यांदेखत मीच ओरडलो, "हिने जाऊ दिलं त्याला!" तू एका शब्दाने उलटून बोलली नाहीस.

लिफ्ट मी उघडली. ती मजल्याच्या बरीच खाली थांबलेली, त्यामुळे त्याला वर घ्यायला हात द्यावा लागला. त्याचा हात घामाने निसरडा झाला होता. तोच हात. घट्ट धरला, वर ओढला आणि सोडून दिला. तो कठड्याला धरून ओकला. मी साहेबांकडे जाऊन सांगितलं, पार्टबिर्ट काही नव्हता, मुद्दाम कोंडलं. तो मात्र तक्रार करत नाही. केली असती तर बरं झालं असतं.

सूड कोणावर घ्यायचा ते आता कळलंय. पण तो माझ्याच ताटात जेवतो, माझ्याच गादीवर झोपतो. या दोन खोल्यांतून त्याला चुकवून कुठे जाऊ?

पुढच्या रविवारी सकाळी ताईंकडे येतोय. वाटलं तर दार उघडू नकोस. मी जिन्यात उभा राहून सगळं सांगेन, वरखालच्या मजल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. दोष चारचौघांत दिला होता, परतही चारचौघांतच घ्यायला हवा. माफी मागणार नाही. त्यालाही तोंड लागतं.

‘तुझा’ असं लिहिणार होतो, हात धजला नाही.

ज्याने त्याला पाठवलं, तो