रिकाम्या दिवसांवरची रेघ

५ मार्च
आज पुन्हा साहेबांशी वाजलं. आलेखाचा खालचा भाग छाटून टाक म्हणे, म्हणजे वाढ डोळ्यांत भरेल! साफ नाही म्हटलं. उभी पट्टी शून्यापासूनच. ऑफिसात मला 'शून्यबाई' म्हणतात — म्हणोत.

घरी दादा. आई विसरत चाललीय, तिला वृद्धाश्रमात ठेवू म्हणतो. स्वतः रविवारी येतो, तिच्यासमोर पंख्याकडे बघत बसतो, जातो. त्याला काय कळणार! महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. रोज एक ठिपका — आईने मला जितकं ओळखलं, तितका वर. रंग तिच्या शालीचा, जांभळा. आलेखापुढे दादाचं काही चालायचं नाही.

९ मार्च
"आलीस का गं? केवढी वाळलीस!"
ठिपका थेट वर!!

१४ मार्च
"बाई, उशीर झाला. तुमची आई वाट बघत असेल, जा आता."
ठिपका लावला नाही. हात धजला नाही.

२३ मार्च
आजही रिकामा. असे बरेच झाले. पण संगणक रिकाम्या दिवसांवरून आपोआप रेघ जोडतो — चांगल्या दिवसापासून चांगल्या दिवसापर्यंत, सरळ. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी सोलून काढलं असतं. राहू दे.

३१ मार्च
दादाने आलेख पाहिला. "चढतेय की गं!" डोळे पुसले. आई घरीच राहणार!

मग म्हणाला, "एवढी सुधारलीय तर दिवसभर मावशी कशाला? कुणी उशाशी बसलेलं तिला आवडत नाही." सांभाळणाऱ्या मावशींना त्यानेच फोन करून नको सांगितलं. मी मिठाची गुळणी धरून बसले.

३ एप्रिल
आई हरवली! ऑफिसातून आले तर दार सताड उघडं. गल्ली, दवाखाना, बाग — कुठेच नाही. शेवटी चौकात दिसली, अनवाणी, पोलिसाचा हात धरून. "मुलगी शाळेतून यायचीय हो." मी समोरच उभी!

पायाला काच लागलीय. माझ्यामुळे. त्या रेघेमुळे.

४ एप्रिल
रेघ काढून टाकली. रिकामे दिवस भरले — सगळे तळाशी, शून्यावर. एकूण एक आठवत होते. दादाला पाठवलं. आता बोलेल ते ऐकायचं.

५ एप्रिल
दादा आला. रागाचा एक शब्द नाही. मावशींना परत बोलावलंय, पुढचं नंतर बघू म्हणाला. आईच्या पायाची पट्टी बदलली. मग पंख्याकडे बघत, "मला तर तिने वर्षभर ओळखलं नाही गं. दर रविवारी नवा पाहुणा. म्हटलं, तुला तरी ओळखतेय, तर राहू दे घरी."

वर्षभर! आणि त्याच्यासाठी मी एक ठिपकाही लावला नव्हता.