बड्या दिनाची बासुंदी

अमडापूर,
ता. १९ जानेवारी १९३७

सौ. मनकर्णाबाई यांस कोकिळेचा दंडवत प्रणाम.

इकडं सारं ठीक हाय. कापूस घरात आला, तूर सोंगणीले आली. तुमचे दादा खुशाल हायेत. लई खुशाल हायेत. आनरेरी मॅजिस्ट्रेटचा हुकूम आला, गावात पेढे वाटले, ओसरीवर नवं टेबल मांडलं. आता ते लोकाचे न्याय करतीन. सासूबाईची तब्येत कशी हाय? थंडीत त्याईचे गुडघे धरतात, तिळाचं तेल कोमट करून लावत जा.

तुमची चिठ्ठी मिळाली. तुम्ही लिहिता, "वहिनी, आमच्या बीबी गावाले या, पंथाच्या महंतबाबापुढं आईच्या पायावर डोकं ठेवा अन् म्हणा, माह्या हातून पेला बदलला. एवढं म्हटलं का आईचं प्रायश्चित्त होते, त्या घरी येतात अन् सारं मिटते." वर्ज्य असलेलं नकळत पोटात गेलं तं पंथात क्षमा हाय, जाणूनबुजून घेतलं तं नाही, हेही तुम्हीच लिहिलं. बाई, तुम्ही त्या दिवशी इथं नव्हत्या, म्हणून तुमच्यावर माहा राग नाही. म्हणजे हाय, पण थोडा.

काय झालं ते ऐका.

यंदा दौऱ्यावरच्या गोऱ्या साहेबाचा, जिल्ह्याच्या मोठ्या हाकिमाचा, डेरा आपल्या आमराईत पडला अन् त्याचा बडा दिन, नाताळ, इथंच आला. बाकी गावचे लोक नजराण्याले फळाफुलाची डाली घेऊन धावले. तुमच्या दादाच्या मनात आलं, डाली तं कोणीबी देते, आपण साहेबाले त्याच्या सणाचं पेय आपल्या घरी पाजू. अंड्याचं, दुधाचं अन् दारूचं! तुमच्या आईनं पंथाचा उपदेश घेतल्यापासून ज्या घरात अंड्याचं नावबी कोणी काढलं नाही, त्या घरात.

मी म्हटलं, "सासूबाई उपदेशी हायेत. हे घरात काऊन आणता?"

"तुले काय समजते? घरच्या बाईनं आपल्या हातानं केलं म्हटलं का साहेबाले त्याची किंमत येगळी."

खामगावहून रमची बाटली आली. सरवरीभाभीच्या घरून अंडी आली. चिखलीचे गफ्फारभाई, पयले साहेबलोकाकडं खानसामे होते, ते मागच्या ओट्यावर बसून सांगत गेले अन् मी करत गेली. पिवळं येगळं, पांढरं येगळं. पिवळ्यात साखर घालून रंग फिका पडेपर्यंत रवीनं घुसळायचं. मंग रम, बारीक धार धरून, नाहीतं अंडं फाटते. मी म्हटलं, "भाई, बाटली तरी तुम्ही ओता." तं त्याईनं कानाले हात लावले. "तौबा! दारूले मी कधी हात लावला नाही, बाई. साहेबाकडंबी बटलरच ओतत होता." घ्या! त्याईचं इमान शाबूत, तुमच्या दादाची हौस शाबूत, अन् बाटली माह्या हातात. पदर नाकाले लावून ओतली. मंग तापवून गार केलेलं दूध, साय, वरून पांढऱ्याचा फेस अन् किसलेलं जायफळ. दिसाले हुबेहूब बासुंदी. उरलेल्या दुधात साखर अन् जायफळ घालून मी सासूबाईसाठी येगळा पेला काढून ठेवला होता.

साहेब अन् मडम ओसरीवर बसले. पेला तोंडाले लावून मडम लई खुश झाली. साहेब उठून उभा राह्यला अन् आपल्या मोडक्या बोलीत म्हणे, आमच्यात आज घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसासंगं पितात, तुमची आई कुठं हाय? उपदेश कशाले म्हणतात, त्या बिचाऱ्याले काय ठाऊक! हात जोडून सांगितलं असतं तं तो हसून खाली बसला असता. मी दाराआडून तेच म्हटलं. तुमच्या दादानं डोळे वटारले.

सासूबाईले दाराशी आणून बसवलं. मी दुधाचा पेला पुढं केला. दादानं माहा हात बाजूले लोटला. "त्याच्यावर फेस नाही. साहेबाच्या ध्यानात येईन." अन् साहेबासाठी केलेलं आपल्या हातानं ओतून आईच्या हाती दिलं. "घे आई, बासुंदी हाय."

हे तुम्हाले कोणी सांगितलं नसन. पुढचं तं नाहीच नाही. सासूबाईनं पेला नाकाशी नेला. रमचा वास साऱ्या घरात भरला होता, तो त्याईले आला नसन का? त्याईनं लेकाकडं पाह्यलं. चांगलं पाह्यलं. लेकानं नुसती मान हलवली. अन् त्या प्यायल्या, सारा पेला. साहेबानं टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी शेजारच्या शालूबाईसमोर छाती बडवून म्हणाल्या, "सुनेनं मले बाटवलं हो!" मी तुमच्या दादाकडं पाह्यलं. ते पान लावत होते. म्हणाले, "बायकाची अक्कल! पेले जवळजवळ ठेवले, झाली गडबड." सकाळी सासूबाई बैलाच्या दमणीत बसून तुमच्याकडं आल्या. तवापासून विहिरीवर बाया माह्या बादलीजवळून आपली घागर सरकवून घेतात. चोर सोडून संन्याशाले फाशी! मॅजिस्ट्रेटचा हुकूम यायच्या आधीच न्याय सुरू झाला होता.

इतके दिवस मी गप्प बसली. मले मूल नाही, म्हणून जन्मभर गप्प बसन असं साऱ्याईले वाटते. मी गप्प बसली ते म्हातारीसाठी. लग्नाच्या पहिल्या वर्षी मले मोठा ताप आला होता, तवा त्या उशाशी बसून राह्यल्या होत्या, ते मी इसरली नाही. त्याईनं एकटीत म्हटलं असतं, "कोकिळे, माह्या पोरासाठी एवढं सोस," तं मी महंतबाबापुढं काय, भर बाजारात कबूल झाली असती. पण गाडीत बसताना त्याईनं माह्या डोळ्यात डोळे घालून म्हटलं, "तूच दिलं." आम्ही दोघीच होतो, तिसरं कोणी ऐकाले नव्हतं. ते मले सोसत नाही, बाई. बाकी सारं सोसलं असतं.

चार दिवसाआधी तुमचे दादा म्हणाले, "बीबीले जाऊन आईचे पाय धर, नाहीतं माहेरची वाट धर. मॅजिस्ट्रेटच्या घरात असली बायको चालत नाही." मी वाट धरली. माहा भाऊ शालिग्राम मेहकरहून गाडी घेऊन आला हाय, अंगणात उभा हाय. भावजयीचं तोंड वाकडं होईन, मले ठाऊक हाय. होऊ द्या.

सासूबाईच्या पाया पडाले मी कवाबी येईन, त्या मोठ्या हायेत. पण "माह्या हातून झालं" हे माह्या तोंडून निघणार नाही.

ही चिठ्ठी त्याईले वाचून दाखवा. "खोटं हाय" म्हणाल्या तं चुलीत घाला, माही तक्रार नाही. पण म्हणताना त्याईच्या तोंडाकडं पाहा. मंग महंतबाबाले काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा.

तुमची वहिनी होती ती,
शालिग्रामची बहीण कोकिळा