आप्पांच्या हेल्मेटची चौदा भोकं

२ एप्रि., गुरु. सुट्टी.
आप्पांना घेऊन शिरूरला. फेब्रुवारीत सायकलवरून पडले, डोक्याचे टाके काढून महिना झाला. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, डोक्याला दुसरा मार बसता कामा नये. आत रक्तस्राव झाला तर धावपळ करायलाही वेळ मिळणार नाही. आप्पा पंख्याकडे बघत बसलेले. बाहेर आल्यावर म्हणतात, "मंग सायकल उद्यापास्नं काढतो."

भांडून उपयोग नाही. थोरले आबा, म्हणजे त्यांचे भाऊ, तीन वर्षं खालच्या वस्तीवर अंथरुणात. त्यांची अंघोळ, दाढी, चार घास भरवणं, सगळं आप्पांकडे. दुसऱ्याच्या हातचं आबा खात नाहीत, तोंडच उघडत नाहीत; आप्पा पडून होते तेवढ्यात निम्मे झाले. जायला सहा कि.मी., यायला सहा, आणि यायची वेळ भर दुपारची. मी सोडावं तर शिफ्ट. म्हणजे सायकल सुटणार नाही. राहिलं हेल्मेट.

४ एप्रि.
माझं मोटारसायकलचं हेल्मेट दिलं. घातलं, गेले. बायको सांगते, दुपारी एकला परत आले तेव्हा ते हँडलला लटकवलेलं, आणि आत वस्तीवरची वांगी. "मागनं ट्रॅक्टर आला तरी ऐकू येईना. आन् आत नुसती भट्टी." सांगताना मनीषाला हसू आवरेना. मला राग आला. वांग्यांची भाजी मात्र खाल्ली.

७ एप्रि.
फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर शिरूरला. सायकलच्या दुकानात भोकाभोकाचं, हलकं, छान दिसणारं हेल्मेट. घाईत घेतलं. घरी येऊन आत टॉर्च मारला तर उजेड दोनच भोकांतून बाहेर. बाकीची भोकं नव्हतीच, काळ्या प्लास्टिकची ठिगळं वरून चिकटवलेली. पंधरा वर्षं ड्रिल मशीनवर काढली आणि आरपार भोक ओळखता आलं नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

९ एप्रि., गुरु. सुट्टी.
पुण्याला गेलो. दुकानदार समजूतदार. म्हणाला, भोकं मोजू नका, हवेचा रस्ता बघा. कपाळाकडून शिरली पाहिजे, डोक्यावरून आतल्या पन्हळीतून वाहिली पाहिजे, मागून निघाली पाहिजे. आतल्या गाद्या पातळ हव्यात, घाम पुसून धुता येतील अशा. मागे चक्री, फिरवली की डोक्याला बसतं. हातात घेतलं तर वजनच नाही. वाटलं, सुटलो.

घरी आप्पांनी ते टोपीवर चढवलं. टोपीची दुहेरी घडी बरोबर त्या पन्हळीत जाऊन बसली. हवेचा रस्ता बंद.
मी म्हणालो, "आप्पा, टोपी काढा की."
"कोण मेलंय?"
आमच्याकडे बोडक्या डोक्यानं माणूस एकदाच घरी येतो, मसणवट्यातून. आई गेली तेव्हा आप्पांचं उघडं डोकं पाहिलंय. पांढरंफटक, कानाच्या वर उन्हाची रेघ. मलाही ते पुन्हा बघायचं नाही.

११ एप्रि.
हट्टानं घालायला लावलं तसंच, टोपीवर. परत येताना निम्म्या वाटेत लिंबाखाली बसून राहिले. ओळखीच्या टेंपोवाल्यानं सायकलसकट आणून सोडलं. तोंड लालबुंद, एक उलटी. मनीषानं डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, पडून मरायचं का उन्हानं, येवढंच आता तुम्ही ठरवायचं राहिलंय."
हे मी ठरवायचं? हेल्मेट खुंटीला. शंभरदा तरी त्याच्याकडे बघितलं असेल.

१३ एप्रि.
सेकंड शिफ्ट. जेवणाच्या सुट्टीत काम केलं. दुपारी घरी आप्पांच्या डोक्यावर टोपी, वर हेल्मेट ठेवून पेन्सिलनं खूण करून घेतली होती. टोपीची कड संपते तिथून खाली, दोन्ही कानशिलांवर आणि मागे मानेच्या वर, तिथे जागा आहे. तिथं हवा गेली की झालं. डिव्हायडरनं आखलं, लाकडी ठोकळ्यावर बसवलं, होल-सॉ, भोक पाडायची गोल करवत, लावला. पाच डावीकडे, पाच उजवीकडे, चार मागे. चौदा. आतला थर्माकोल भुरभुर उडत होता. कडा कानशीनं मारल्या, हात फिरवला तर कुठे टोचत नाही. कंपनीच्या एकाही जॉबवर मी येवढा जीव लावला नसेल.

१४ एप्रि.
आप्पा एकला आले. हेल्मेट डोक्यावर. घरात येईपर्यंत काढलं नाही.
"वारं लागतंय रं."
मग पाणी पिऊन पुन्हा, "आयटीआय केला त्याचं चीज झालं."
उभ्या जन्मात असं पहिल्यांदाच बोलले. मोरीत जाऊन तोंड धुतलं. चांगला वेळ धूत होतो.

१८ एप्रि.
आप्पांनी सगळ्या कवठे गावात मिरवलंय. "माझ्या पोरानं भोकं पाडल्यात." डेअरीवरचे नामदेवमामा सायकलवर दूध घालायला जातात, ते आज त्यांच्या मुलीनं दिलेलं हेल्मेट घेऊन दारात. "आमालाबी तसंच वारं पायजे बाबा." घेतलं. नाही कशाला म्हणू?

२१ एप्रि.
मामांचं ड्रिल करून कंपनीत बाकावर ठेवलं होतं. क्वालिटीचा राकेश आला. बिहारचा, कारेगावात खोली करून राहतो, गावाकडे सायकलच्या शर्यती मारायचा. उचलून उजेडासमोर धरलं. "किसने किया?" मी अभिमानानं सांगितलं. तो हसला नाही. दोन भोकांमधल्या पट्टीवर अंगठा ठेवला आणि दाबला. कट्ट. पट्टी आत गेली.

"भैया, छेद तो कंपनी भी देती है, पर हिसाब से। बीच का माल पूरा होता है। गिरोगे तो यही थर्माकोल दबता है, इसलिए सिर बचता है। आपने वही निकाल दिया। वो भी कनपटी से।"

मी विचारलं, तरी काहीच नसण्यापेक्षा बरं ना?
"थोड़ा बहुत। पर भरोसा मत करना।"

कानशिलावरून. आप्पा फेब्रुवारीत पडले ते ह्याच बाजूवर.

२२ एप्रि.
पहाटेच नामदेवमामांना गाठलं, सगळं सांगितलं, मोडलेली पट्टी दाखवली, नवीन आणून देतो म्हणालो. "आसूं दे, मी आपला टोपीवाला," म्हणाले. मामांना सांगता आलं. घरी आलो तर आप्पा हेल्मेटचा बंद लावत होते, हनुवटीखाली, नीट, शाळेत निघालेल्या लेकरासारखं. गेले. एक वाजेपर्यंत दारात उभा, कामाला निघायला उशीर झाला.

सांगितलं तर काढून टाकतील. नाही सांगितलं तर मी पाडलेल्या भोकांच्या भरवशावर रस्त्यानं जातील. कंपनीत असा जॉब सापडला की लाल टॅग लावायचा, भंगारच्या पेटीत टाकायचा, विषय संपला. इथे टॅग कुणाला लावू? मला भीती वाटते. इतकी भीती ते दवाखान्यात असतानाही वाटली नव्हती, कारण तेव्हा चूक माझी नव्हती.

२३ एप्रि., गुरु. सुट्टी.
सांगितलं.

ते निघायच्या आधी समोर बसलो. बोलून पटेना, "तू केलंय म्हंजी चांगलंच आसंल" हेच धरून बसले. मग त्यांच्यादेखत कानशिलावरच्या पट्टीवर अंगठा दाबला. मोडली. दुसरी दाबली, तीही मोडली. आप्पांनी ते माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं.
"चांगलं व्हतं की रं."
"दुसरं आणतो आप्पा. पुण्याहून. भोकं न पाडता."
"त्यात वारं न्हाई लागत."
हेल्मेट ओट्यावर ठेवलं, टोपी सारखी केली आणि सायकल काढली.

मी मोटारसायकल घेऊन मागे. पहिल्या गियरमध्ये, सहा कि.मी. मागून गाडी आली की मी मध्ये सरकायचो. एकदाच थांबले. "मेंढरं वळतोस व्हय?" वस्तीवर दारातून बघत बसलो. आबांच्या गालाला साबण लावत होते, एका हातानं हनुवटी धरून. आबा डोळे मिटून. परत येताना ऊन डोक्यावर, टोपी घामानं ओली. मी मागेच.

मनीषा म्हणाली, "सांगितलं ते बरं केलं." बरं कसलं. फुटकं का होईना, कानशिलावर काहीतरी होतं. ते मी माझ्या अंगठ्यानं मोडलं, आणि द्यायला दुसरं काही हातात नव्हतं.

सुपरवायझरला फोन केला, उद्याची रजा मागितली. माणसं कमी आहेत, सोमवारनंतर बघू म्हणाला.

उद्यापासून फर्स्ट शिफ्ट. मी साडेपाचला घर सोडणार. आप्पा आठला निघतात.