जुन्या मशीनचं शेवटचं कार्ड

दिल्ली
ता. २३ नोव्हेंबर २०२४

ति. महेश्वर अण्णा,

धाकट्याचा नमस्कार. मी बरा हाय. हितं थंडी सुरू झाली, सकाळी रिपेरिंगच्या दुकानात स्क्रू धरला की बोटं आखडतात. अव्वाची कंबर कशी हाय? तिला म्हणावं, मी वेळेवर जेवतो. चंद्रिकावहिनींना नमस्कार.

फोन का केला न्हाय म्हणशील. फोनवर तू मला पुरं बोलू देत न्हाईस. कागद मधेच तोडता येत न्हाय.

तुझा मेसेज मी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवला. तुझ्या कॉम्प्युटरचं वय ऐकून मालक म्हणाले, "बारह साल का? अरे, इसको तो स्कूल भेजो." सगळे हसले. मीच लई हसलो.

आता ग्राफिक्स कार्डाचं. तू पाठवलेली यादी फाडून टाक. त्यातली निम्मी तुझ्या पॉवर सप्लायला झेपायची न्हाईत. उरलेली झेपली तरी तुझा प्रोसेसर एवढा म्हातारा, की नवं कार्ड नुसतं त्याची वाट बघत बसणार. यूट्यूबवरचे लोक हे सांगत न्हाईत, कारण मशीन बंद पडल्यावर त्यांना वळसंगला यायचं नसतं. तुझ्या बोर्डावर चार जीबीचं, दोन पंख्यांचं, एकच जादा वायर लागणारं कार्ड बसतं. तेच शेवटचं, त्याच्यापुढं काही न्हाय. तुझं आत्ताचं कार्ड मेलं, बोर्डाचं स्वतःचं डिस्प्ले तर कवाच गेलंय. म्हणजे हे कार्ड गेलं की पडदा काळा, आणि तुझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा पण काळा.

एक तारखेला अक्कलकोटच्या पार्टीला मोठ्या पडद्यावर लग्न दाखवायचं कबूल करून बसलास. शंभर माणसं जेवायला बोलावलीत त्यांनी. आणि त्या लग्नाचं निम्मं शूटिंग अजून कापून जोडायचंय. तवा आठवलो व्हय मी?

मेसेजात तू लिहिलंस, "जय्या, ते जुनं कार्ड माझ्याच हातनं गेलं होतं. तुझी चूक न्हवती. माफ कर." त्याच्याच खाली, "कुठलं कार्ड घेऊ ते आजच कळव."

नऊ वर्षं मी पहिल्या ओळीची वाट बघितली, अण्णा. ती आली, तर तिच्या बुडाला दुसरी बांधलेली.

त्या दिवशी मशीन चालू असताना तू कार्ड उपसलंस. मी पलंगाखाली पडलेला स्क्रू शोधत होतो. ठिणगी मी बघितली पण न्हाय, नुसता वास आला. आप्पा दारात आले आणि तू माझ्याकडं बोट केलंस. "ह्यानं हात घातला." मी आठवीत होतो. आप्पा म्हणाले, "ह्याला शिकवून उपयोग न्हाय," आणि पुढच्या सोमवारी चिंचोळीत कारखान्यात लावलं. तू अव्वाला डबा भरून द्यायला सांगितलंस माझ्यासाठी. तेवढी माया केलीस.

आप्पा गेले तवा पण त्यांना तेच खरं वाटत होतं. त्यांना सांगायला तुझ्याकडं सहा वर्षं होती.

असो.

माझ्याकडं तुला बसतील अशी दोन कार्डं होती. एक धडधाकट. दुसरं मेलेलं. मेलेल्या कार्डाची चिप आम्ही गरम हवेनं शेकतो. आतले सोल्डरचे टाके तेवढ्यापुरते चिकटतात, आणि कार्ड नव्यासारखं चालतं. कुठलं दहा दिवस, कुठलं महिना. दूरच्या गिऱ्हाइकाला तेच द्यायचं, कारण तो परत येत न्हाय, असं इथं शिकवतात. ही माझी शाळा.

पहिल्यांदा मी धडधाकटच गुंडाळलं होतं, खरं सांगतो. डबा चिकटपट्टीनं बंद पण केला. मग तुझा मेसेज परत एकदा वाचला आणि पट्टी फाडली.

चांगलं कार्ड कुणाला दिलेलं न्हाय. माझ्या पेटीत हाय.

चिठ्ठी मी डब्यात फोमच्या खाली ठेवतोय. मला तू माहीत हाईस. आधी कार्ड बसवशील, पडदा लागला की वहिनींना हाक मारशील, "बघ, जय्यानं काय पाठवलंय!" मग सगळं झाल्यावर डबा आवरताना हा कागद सापडेल. म्हणजे आत्ता ते चालू असणार. चांगलं चालतंय ना? रंग कसे दिसतात? नवरीच्या शालूचा काठ बघ, सुटा सुटा दिसत असेल.

आता नीट वाच. मशीन बंद करू नको. शेकलेलं कार्ड तापलेलं असतं तोवर जगतं. थंड झालं आणि परत तापलं की टाके सुटतात. एकदा बंद केलंस तर परत लागेलच असं न्हाय. पार्सल पोचायला पाच दिवस, म्हणजे तुझ्याकडं तीन उरले. सोलापूरहून दुसरं आणशील, पण ते बसवायला आधी मशीन बंद करावं लागेल, आणि जुन्या बाजारातलं ते तरी कुणी शेकलेलं न्हाय हे तुला कोण सांगणार? ते मला विचारायचं असतं. आणि तू मलाच विचारलंस की.

पंखा लावून झाकण उघडं ठेव. अव्वाला बटणाजवळ जाऊ देऊ नको. आणि वळसंगात लाईट किती वेळा जाते हे मला काय विचारतोस, तुझं गाव.

लाईट हाय तवर काम कर.

मृत्युंजय