पुंडलिकरावांच्या नावाने

६ जानेवारी
पांढरकवड्यात सुखरूप पोहोचले. छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवल्यावर एका लहान वाचनालयाची कार्यवाह होणे ही मला पदोन्नतीच वाटते. खोली उजेडाची आहे; मदतनीस बिजलीबाई चहा उत्तम करते. महामार्गावरच्या ट्रकांखेरीज तक्रारीस जागा नाही. एकच विसंगती: आधीचे कार्यवाह पुंडलिकराव दिवाळीत वारले, तरी संगणकावर सारे कामकाज त्यांच्याच नावाने लॉगिन करून चालते. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली होती. ती फाडली. मृताची हजेरी उद्यापासून बंद.

७ जानेवारी
'सुचित्रा' नावाने खाते उघडले, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार घेतले, फाइली हलवल्या आणि पुंडलिकरावांचे खाते पुसले. बिजलीबाई खिन्न झाली. म्हणाली, "कायले पुसलं मॅडम? भाऊ त्या नावात बसून राह्यले होते. आता ते कुठी बसतीन?"
विधान सुंदर आहे, पुरावा शून्य.

८ जानेवारी
संगणक सुरू करताच पडद्यावर पुंडलिकराव. माझे खाते नाही. सिस्टिम आपोआप मागच्या स्थितीवर गेली असावी. फाडलेल्या चिठ्ठीचे तुकडे पुन्हा जुळवून आत शिरले, ती सोय बंद केली, खाते पुसले; तुकडे केरात दिले. कार्य आहे तेथे कारण असतेच.

१० जानेवारी
पुन्हा तेच. आत शिरण्यासाठी त्यांचा पासवर्ड टाकला आणि थबकले. तो मी पाठ केलेला नव्हता.
सेफ मोडमध्ये जाऊन तिसऱ्यांदा पुसले. दुपारी जावक पत्रावर सही केली. ती त्यांची होती. रेघ मारून खाली माझी तीनदा केली. दोन जमल्या.

११ जानेवारी
बिजलीबाईने मला भाऊ म्हटले. दटावले, ती ओशाळलीही नाही. बेघर झालेल्याला माझ्यात घर करण्याचा अधिकार कोणत्या न्यायाने? हे गृहीतकच मी नाकारते.

१२ जानेवारी, सकाळी अकरा
डिस्क संपूर्ण कोरी करून सिस्टिम नव्याने टाकत आहे. चाळीस टक्के.

ऐंशी.

पडदा विचारतो आहे, हा संगणक कोणाचा. 'सु' टाइप केले. बोटे थांबली — मी थांबवलेली नाहीत. वही तरी माझी आहे. अक्षर —

नाव म्हणजे मी नव्हे. म्हणून नाव गेले तरी — नाही. नावही देणार नाही.

दारातून बिजलीबाई विचारते आहे, पुंडलिकभाऊ, चहा ठेवू काय. खोलीत मी एकटी. सुचित्रा. सुचित्रा.

पुन्हा हाक. त्या नावाला मी ओ देणार नाही. मी ओ —